देवळाच्या दारात घेतलेलं नाव

लवकर पिकणारा हलका धान घरात आला होता, उशिराचा भारी धान अजून बांधीत, भाताच्या खाचरात, उभा होता, आणि या दोघांच्या मधल्या फटीतून दिवाळी येऊन निघूनही चालली होती. रुख्माच्या बोटांवर विळ्याचे वळ होते. पाठीतला कापणीचा वाक गेलाच नव्हता. सरळ उभी राहिली तरी तिला वाटे, आपण वाकलेलेच आहोत.

भाऊबीज झाली की त्या मुलखात मंडया, गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. आज या गावाची, उद्या त्या गावाची. दंडारीचा नाच रंगतो, ढोल वाजतो, आणि घरोघरी पाहुणे येऊन पडतात. त्यांच्या टोल्याची, लहानशा वस्तीची, मंडई परवा झाली. दोन दिवस रुख्मा चुलीपुढून हलली नव्हती. वडे तळून तळून तिच्या केसांना तेलाचा वास लागला होता आणि तो धुऊनही जात नव्हता. आज कामठ्याची मंडई. आज तिला चूल नव्हती, विळा नव्हता, आणि तरीही सकाळी डोळे उघडल्याबरोबर तिच्या मनात आलं ते एवढंच: आज शेवटचा दिवस.

उद्या सकाळच्या गाडीने केशोराव, तिचा नवरा, भिलाईला परत जाणार होता. तिथे लोखंडाचा मोठा कारखाना उभा राहत होता. लग्न झालं त्याच सालच्या पावसाळ्यात तो तिथे कामाला लागला. वर्षातून दोनदा यायचा, आषाढातल्या आखाडीच्या सणाला आणि दिवाळीला. मधे रुख्मा सासू-सासऱ्यांजवळ राहायची. रोवणा, म्हणजे भाताची लावणी, करायची, निंदण करायची, कापणी करायची. गेल्या आखाडीला गोठ्यामागे उभं राहून तो तिला म्हणाला होता, "दिवाळीत मायले सांगतो. खोली भेटली का तुले घेऊन जातो. आता त एका बराकीत दहा जन झोपून राहिलो."

दिवाळी आली. तो आठ दिवस घरी होता. रोज जेवायला बसला की रुख्मा दाराआड उभी राहून ऐकायची. आता सांगेल. तो भात कालवायचा, वरण मागायचा, हात धुवायचा आणि चौकात जाऊन बसायचा.

कामठ्याला निघालेल्या बैलगाडीत भाताचं तणस पसरलं होतं. पुढे सासरा बकाराम कासरा धरून. मधे सासू सुमित्राबाई, गुडघे लांब करून. तिच्या शेजारी नणंद नंदाबाई, भाऊबीजेला माहेरी आलेली. रुख्मा मागच्या टोकाला, पाय खाली सोडून, मागे तोंड करून बसली होती. पुढचा रस्ता तिला दिसत नव्हता. मागे सरकणारा धुरळा तेवढा दिसत होता. केशोराव बूट घालून गाडीच्या बाजूने चालत होता. कामठ्याची जुनी गढी सगळ्यांनी पाहावी, असा त्याचा हट्ट होता.

"का पाहाचं आहे त्या गढीत?" सुमित्राबाई म्हणाली. "मी चाळीस वर्षं पाहून राहिली. भिंत आहे. भिंतीमागं आनखी भिंत आहे."

"माय, तिकडं बंगालचे लोक आहेत, पंजाबचे आहेत. मले विचारतात, तुमच्या मुलखात पाहासारखं का आहे? मी का सांगू त्याईले? बांध्या?"

"बांध्याच सांग. त्याच बांध्यांचा भात खाऊन तिकडं गेला तू."

बकारामाने बैलाच्या पाठीवर हात फिरवला. "मी बैलाजवळ राहीन. गढी-बिढी मी चढत नाही."

"बाबा त देवाच्या लग्नातही बैलाजवळच राहतील," नंदाबाई म्हणाली. मग मागे वळून, "वयनी, झोपली का? बोल ना वो काही. आज त तुले कोनी कामाले लावनार नाही."

रुख्मा हसली. धुरळ्यामागे कुणाच्या तरी बांधीत पिकलेला भारी धान वाऱ्याने एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर होत होता. तिलाही तसंच व्हावंसं वाटलं. फक्त कूस बदलावी, बाकी काही नाही.

कामठ्यात बकारामाच्या चुलतभावाचं घर होतं. मंडईला आलेला माणूस आधी नातेवाइकाच्या घरी जेवतो, मग फिरतो. त्या घरची सून शामकला मोठ्या आवाजाची, पान खाणारी बाई. तिने सगळ्यांच्या पायांवर पाणी घातलं, आणि त्याच दमात रुख्माला म्हणाली, "ये वो गोरेगाववाले, चार वडे थापून दे. माह्ये हात पुरत नाही."

रुख्माचं माहेर गोरेगाव. सासरी आल्यापासून तिचं नाव गोरेगाववाली. रुख्मा म्हणून तिला हाक मारणारं इकडे कुणी नव्हतं. नवरा तर कोणत्याच नावाने हाक मारत नव्हता. तो नुसता खाकरायचा.

ती चुलीजवळ बसली. चाराचे चाळीस वडे झाले. धुराने डोळे झोंबत होते. बाहेर ढोल वाजायला लागला तेव्हा ती शेवटचा घाणा काढत होती.

"चार वर्षं झाली ना तुले?" शामकलाने परातीतून मान वर करून विचारलं. "अजून काही नाही?"

ओसरीवरून सुमित्राबाई बोलली, "देवाच्या मनात पायजे."

"देवाचं मन मागून पाहू," नंदाबाई म्हणाली. "पहिले दादा त घरी पायजे."

बाया पदरात तोंड घालून हसल्या. रुख्माही हसली, कारण न हसणं जास्त दिसलं असतं. पण हातातला झारा तिने कढईत असा आपटला की तेल उडून तिच्या मनगटावर आलं. कुणाला दिसू न देता तिने ते पदराने पुसलं.

जेवणं झाल्यावर ते गढीकडे निघाले. मंडई गढीच्या पायथ्याशीच भरली होती. जिलेबीच्या कढया, उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग, बांगड्यांच्या पेट्या, उसाच्या मोळ्या. गुरं राखणाऱ्या गोवाऱ्यांची ढाल, म्हणजे पुजेची उंच काठी, मोरपिसांनी सजून उभी होती आणि तिच्याभोवती नाच चालला होता. बकाराम बैलांपाशी राहिला. बाकीचे खंदकाच्या काठाने वर चढू लागले. पुढे केशोराव, मागे मायलेकी, सगळ्यात मागे डोक्यावर पदर घेतलेली रुख्मा.

गढी म्हणजे सुमित्राबाई म्हणाली तशीच होती. भिंत, आणि भिंतीमागे आणखी भिंत. पण केशोरावाचा आवाज बदलला होता. तो वळून वळून सांगत होता. "हा खंदक. यात पानी राहे. दुश्मन आला का त्याले पोहूनच येनं भाग. ही भिंत पाहा किती जाड. हातानं मोजा. आमचा इंजिनिअर म्हनतो, जुन्या लोकाईले सिमिट माहीत नव्हतं, पन बांधत मजबूत होते."

"मंग इतकी मजबूत होती त पडली कायले?" सुमित्राबाईने विचारलं.

"माय, पडाले किती वर्षं लागली ते त पाह्य."

भिंतीत उगवलेल्या पिंपळाच्या मुळ्या रुख्मा पाहत होती. मुळ्या दगडाच्या सांध्यासांध्यातून खाली उतरत होत्या. वेणी घालावी तशा. चढावर सासू दम खायला थांबली आणि नंदाबाई तिच्याजवळ राहिली. रुख्मा चार पावलं पुढे गेली. आठ दिवसांत पहिल्यांदा ती नवऱ्याच्या शेजारी उभी होती, आणि दोघांच्या मधे कुणी नव्हतं.

"आज सांगनार का नाही?" ती खंदकाकडे पाहत म्हणाली.

"सांगतो. आधी देऊळ पाहून घेऊ."

"उद्या गाडी आहे."

"माहीत आहे मले."

"मले घेऊन जाचं नसेल त तसं सांगा. मी वाट पाहनं सोडून देते. वाट पाहाले बी ताकद लागते."

तो काही बोलायला गेला, तेवढ्यात सुमित्राबाईचा हात भिंतीवरून घसरत घसरत वर आला आणि मागोमाग ती आली. केशोराव लगेच म्हणाला, "हा बुरूज. इथून लांबवर दिसते."

लांबवर धानाच्या बांध्या दिसत होत्या. कापलेल्या करड्या, उभ्या पिवळ्या.

गढीच्या आतल्या अंगाला जुनं देऊळ होतं. ठेंगणं, काळ्या दगडाचं, दार इतकं बुटकं की वाकल्याशिवाय आत जाता येऊ नये. दारात गर्दी अडली होती. कामठ्याच्या चार-पाच बायांनी एक लुगडं आडवं धरलं होतं आणि शामकला त्यांच्या मधोमध उभी होती. घरून ती केव्हा सटकली आणि केव्हा इथे पोचली, कुणाला कळलं नव्हतं.

"मंडईच्या दिवशी परगावच्या बायांनी नाव घेतल्याशिवाय आत जाचं नाही," ती ओरडली. "आमच्या गावची रीत आहे. मालकाचं नाव घ्या, मंग देवाचं."

सुमित्राबाईने कपाळाला हात लावला. "म्हातारीले कायले सतावता वो?"

"म्हातारीचा मालक जिता आहे ना खाली? मंग घे."

सुमित्राबाईने पदर सारखा केला. चाळीस वर्षांत झिजून गुळगुळीत झालेला तिचा उखाणा तिने एका श्वासात टाकला:

"धुऱ्यावर उभं मोहाचं झाड,
बकारामाचं नाव घेते, खोल वो कवाड."

लुगडं वर झालं, ती वाकून आत गेली. नंदाबाई पुढे आली. तिला थांबावं लागलंच नाही:

"तळ्यातले शिंगाडे टोचतात हाताले,
जागेश्वररावाची वाट पाहाते राताले."

बायांनी कल्ला केला. "निर्लज्ज!" आतून सुमित्राबाईचा आवाज आला. नंदाबाई हसत हसत आत गेली.

मग लुगडं पुन्हा खाली आलं आणि रुख्मा त्याच्यासमोर एकटी उभी राहिली. मागे पाच हातांवर केशोराव भिंतीला हात लावून दगड पाहत होता, किंवा पाहिल्यासारखं करत होता.

"घे वो गोरेगाववाले."

एक उखाणा तिला पाठ होता. लग्नात आईने शिकवलेला, कुठेही चालणारा. "चांदीच्या वाटीत," तिने सुरुवात केली, आणि थांबली. पुढचं येईना. चांदीची वाटी तिने जन्मात पाहिली नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर कढई आली, विळा आला, चिखलात रोवलेल्या भाताच्या पऱ्ह्यांच्या, कोवळ्या रोपांच्या, ओळी आल्या. एकामागे एक, एकामागे एक, टोकाला पोचलं की पुन्हा पहिल्यापासून. तिला इतका थकवा आला की तिथेच खाली बसावं. सांभाळून बोलायलासुद्धा अंगात जोर लागतो, आणि तो जोर सकाळपासून वड्यांत, चढात, त्या हसण्यात संपला होता.

"चांदीच्या वाटीत का?" शामकला म्हणाली. "साखर का गूळ? सांग लवकर, मागं रांग लागून राहिली."

रुख्माने मान वर केली. जात्यावर बसल्यावर जशी ओळीला ओळ येते, तशी ती आली. तिने बोलावली नव्हती.

"चार गेल्या दिवाळ्या, चार गेले रोवने,
केशोराव माह्ये मालक, का माह्ये पाहुने?"

कल्ला झाला नाही. खालून ढोलाचा आवाज तेवढा येत होता. लुगडं धरलेल्या बायांपैकी एकीने दुसरीकडे पाहिलं. रांगेतली एक म्हातारी हळूच म्हणाली, "बाई गे माय."

शामकलाने तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. सकाळी चुलीपाशी आपण काय विचारलं होतं, ते बहुतेक तिला आठवलं. तिने रुख्माकडे पाहिलं नाही. केशोरावाकडे बोट केलं.

"बाईनं नाव घेतलं. आता मालकानं घ्याचं."

केशोरावाचा चेहरा तापल्या तव्यासारखा झाला होता. खंदकाची, भिंतीची, बुरुजाची एवढी माहिती सांगणारा माणूस. "मी... मी का म्हनू?" एवढंच तो म्हणाला.

"जाऊ दे वो शामकला. आत येऊ दे तिले," दाराआडून सुमित्राबाई म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

आत अंधार होता, गारवा होता, तेलाचा आणि ओल्या फुलांचा वास होता. रुख्माने पिंडीवर हात ठेवला. दगड इतका थंड होता की तिला हात काढवेना. देवाकडे काय मागायचं ते तिला सुचलं नाही. मागून झालं होतं.

देवळाच्या मागच्या पायऱ्यांवर सुमित्राबाई बसली होती. गुडघ्यावर तळहात गोल फिरवत होती. नंदाबाई बाजूला उभी होती. केशोराव आला आणि उभाच राहिला. समोरच्या दारातून बायांचा गलका पुन्हा सुरू झाला होता. दुसरी कुणीतरी नाव घेत होती.

"गोरेगाववाले," सुमित्राबाई म्हणाली, "घरची गोष्ट दारात काऊन सांगतली?"

रुख्मा खालच्या पायरीवर बसली. उभं राहण्याची वेळ होती, सासूपुढे बसायची नव्हती, पण ती बसली. "घरी कोनी आयकत नव्हतं, आत्याबाई."

रागाने नाही. पाणी संपलं म्हणून सांगावं तशी ती बोलली.

"का पायजे तुले?"

"मले यांच्यासंगं जाचं आहे."

"आनि धान?"

रुख्मा बोटांवरचे वळ पाहत राहिली.

"आनि जाशील कुठं? तिकडं खोली नाही म्हनते ना हा. दहा जनाच्या बराकीत ठेवल का तुले?" सुमित्राबाईने मान वळवली. "काऊन रे? खोली आहे का नाही?"

केशोराव देवळाच्या दगडावरचं शेवाळ नखाने खरवडत होता. "आहे."

"कवापासून?"

तो बराच वेळ खरवडत राहिला. "मिरगाच्या पहिलेपासून."

मृग. म्हणजे आखाडीच्याही आधी. गोठ्यामागे उभा राहून, दहा जण झोपतो म्हणून सांगताना, त्याच्या खिशात खोलीची किल्ली होती. रुख्माने तेव्हा त्याच्यासाठी एक गोधडी शिवली होती. मुद्दाम अरुंद, दाटीत पसरता यावी म्हणून. टाके घालताना तिला त्याची दया येत होती. आता ते टाके तिच्या बोटांत पुन्हा टोचले. रडू आलं नाही. रडायला नंतर वेळ मिळेल, असं तिला वाटलं, नाहीतर मिळणारही नाही.

"मले काऊन नाही सांगतलं?" सुमित्राबाईने विचारलं.

"तू म्हनली असती, रोवना कोन करनार."

"म्हनली असती. मंग? म्हननं माह्यं काम आहे. सांगनं तुह्यं काम होतं."

"भेव वाटलं, माय."

"मायचं भेव वाटलं म्हनून बायकोसंगं खोटं बोलला. आनि बायकोनं पिच्छा पुरवू नये म्हनून मायपासून लपवलं." ती गुडघा चोळत राहिली. मग खाली मंडईकडे पाहू लागली. तिथे गाड्यांच्या गर्दीत बकाराम बैलापुढे तणस टाकत होता. इतक्या लांबूनही त्याचं वाकणं ओळखू येत होतं. "हा मानूस चाळीस वर्षं माह्यासंगं दोन शब्द धड बोलला नाही. पन संध्याकाळी जेवाले रोज होता. मालक घरी नसला म्हंजे कसं वाटते, मले माहीतच नाही. मी कधी इचारच केला नाही त्याचा."

वाऱ्याने पिंपळाची पानं वाजली.

"जाय," सुमित्राबाई म्हणाली. "उद्याच जाय. ज्यानं मायपासून सहा महिने खोली लपवली, त्याच्या घरात पाहाले कोनीतरी पायजे."

"माय, पन भारी धान..." केशोराव म्हणाला.

"तुले त्याची काळजी कवापासून लागली? नंदा आठ दिवस राहील. मजूर लावू. नाही झालं त पाखरं खातील, त्याईले बी पोट आहे."

"मी राहीन," नंदाबाई पटकन म्हणाली. "जागेश्वररावाले वाट पाहू दे थोडी."

रुख्माच्या ओठांपर्यंत शब्द आले होते: कापून जाते, आत्याबाई, धान मळून, चुरणा करून जाते. चार वर्षांची सवय होती. पाच बांध्या उभ्या आहेत, तुमचे गुडघे दुखतात, मी थांबते. सगळं तयार होतं, फक्त तोंड उघडायचं होतं. तिने ते उघडलं नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिली. आनंद व्हायला हवा होता. त्याची वाट तिने इतके दिवस पाहिली होती, आणि आता तो आला तेव्हा त्याच्यासाठी उठून उभं राहण्याइतकंही बळ तिच्यात नव्हतं.

केशोराव दोन पावलं जवळ आला. "वर चढू का? त्या बुरुजावरून सगळं दिसते. नदीपर्यंत."

"खिडकी आहे का?" रुख्माने विचारलं. सासूसमोर ती नवऱ्याशी अशी सरळ कधी बोलली नव्हती.

"बुरुजाले?"

"खोलीले."

"आहे. एक. लहान आहे."

"चूल?"

"मांडा लागल. जागा आहे कोपऱ्यात."

"पानी?"

"नळ आहे बाहेर. रांग लागते सकाळी. बाजूले एक छत्तीसगढी बाई राहते, ते भांडते नळावर." तो थांबला. "पन मनानं चांगली आहे."

ती एक एक विचारत राहिली आणि तो एक एक सांगत राहिला. मघाच्या आवाजात नाही, चाचरत, आठवून आठवून. छप्पर पत्र्याचं, उन्हाळ्यात तापतं. दाराची कडी आतून लागत नाही, दोरी बांधावी लागते. तिने कशालाच चांगलं म्हटलं नाही, वाईट म्हटलं नाही. नुसतं ऐकून घेतलं.

"आनि जातं?" मधेच सुमित्राबाई म्हणाली. "जातं ठेवाले जागा आहे का?"

"माय, तिथं चक्की आहे. दळून भेटते."

"चक्कीचं पीठ," सुमित्राबाईने तोंड वाकडं केलं. "गरम होऊन येते ते. त्याले चव राहते का?" तिने पायरीवर एक हात टेकला, उठायचा प्रयत्न केला, गुडघ्याने साथ दिली नाही. मुलगा पुढे झाला. तिने त्याचा हात बाजूला केला आणि दुसरा हात रुख्माकडे केला.

"उठव मले," ती म्हणाली.

रुख्मा उठली. तिने दोन्ही हातांनी तो हात धरला. विळ्याचे वळ विळ्याच्या वळांना लागले. तिने ओढलं. दोघी जरा डगमगल्या, आणि मग उभ्या राहिल्या.